मिनीच्या चाकांवरचं रबर

‘जुन्या मिनी गाडीला स्प्रिंगाच नव्हत्या, हे खरं का?’ असं एका वाचकानं विचारलंय. पोलादी नव्हत्या, रबराच्या होत्या. मला ही गाडी आवडते ती त्या रबरासाठी!

१९५६ च्या सुएझ पेचानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलवर रेशन आलं आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननं अ‍ॅलेक इसिगोनिस यांना छोटी गाडी करायला सांगितलं. त्यांनी इंजिन आडवं बसवलं, त्याच्याच पोटात गिअरबॉक्स घातला आणि दहा फुटांत चौघांची सोय केली. २६ ऑगस्ट १९५९ ला मिनी जाहीर झाली. कौतुक होतं ते या आडव्या इंजिनाचं.

पण हलक्या गाडीपुढे आणखी एक अडचण असते. मिनीचं वजन सहाशे किलोच्या आसपास. चार माणसं आणि सामान चढलं की ते जवळजवळ दीडपट! साधी पोलादी स्प्रिंग दुप्पट ओझ्याला दुप्पट दबते. मऊ ठेवावी तर भरलेली गाडी खड्ड्यात बूड आपटते. कडक ठेवावी तर एकटा चालक फुटाण्यासारखा उडतो.

आता खोडरबर चिमटीत दाबून बघा. आधी सहज दबतं, मग जास्त जास्त अडून बसतं. मिनीच्या प्रत्येक चाकासाठी असा एक रबरी शंकू होता. ओझं वाढेल तसा तो आपोआप कडक होई. शिवाय चाक तरफेनं त्याला जोडलेलं, त्यामुळे शंकू थोडासा दबला तरी चाक बरंच वरखाली होई. जागाही अगदी थोडी लागे.

ही करामत अ‍ॅलेक्स मोल्टन यांची. त्यांच्या पणजोबांनी १८४८ मध्ये ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन इथे रबराचा कारखाना काढला होता. रबर या माणसाच्या घरचंच! १९६२ मध्ये त्यांनी लहान चाकांची सायकल काढली, तिलाही रबराचंच सस्पेन्शन दिलं. मिनीच्या गोष्टीत मात्र त्यांचं नाव इसिगोनिस यांच्यामागे झाकलं जातं, हे मला खटकतं.

१९६४ मध्ये मिनीत रबर आणि द्रव एकत्र वापरणारं सस्पेन्शन आलं. तेही मोल्टन यांचंच. पण ते खर्चिक ठरलं आणि काही वर्षांत साधा शंकू परत आला. ऑक्टोबर २००० मध्ये लाँगब्रिजच्या कारखान्यातून शेवटची जुनी मिनी बाहेर पडली, तेव्हाही तिचा भार रबरावरच होता.