माळ्यावरचे पुस्तक

पावसाळा तोंडावर आला की घराचा माळा झाडून घ्यायचा, ही आमच्या कोरगावची जुनी रीत. दोन वर्षांपूर्वी असाच माळा झाडताना आमच्याच पुस्तकाचे गठ्ठे पुन्हा हाती आले. पेडणे महालातील खाजन शेती आणि तिच्यातील शब्द यांवर आम्ही एक लहानसे पुस्तक लिहिले होते. प्रकाशक मिळाला नाही, तेव्हा भविष्य निर्वाह निधीतील रक्कम काढून स्वखर्चाने पाचशे प्रती छापल्या. त्यांतील तीनशेच्या वर प्रती अजून माळ्यावर होत्या आणि सर्वांत खालच्या गठ्ठ्याला वाळवी लागली होती. कोरगुट भात, खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध, भरती-ओहोटीवर उघडमीट करणारी मानस, हे सारे शब्द विस्मरणातून वाचावेत म्हणून लिहिलेले पुस्तक वाळवीच्या तोंडी पडलेले पाहून मन विषण्ण झाले.

गेलेल्या प्रती तरी कशा गेल्या? काही आप्तांनी घेतल्या, काही समारंभांत भेट म्हणून दिल्या आणि काही, हे लिहिताना संकोच वाटतो, पालकांनी मुख्याध्यापकांच्या भिडेखातर घेतल्या. भिडेने खपलेले पुस्तक वाचले जात नाही. ते फडताळात जाऊन बसते. खरा वाचक कुठे आहे, हे आम्हांस ठाऊकच नव्हते. तो बहुधा मुंबईस गेलेल्या एखाद्या पेडणेकराच्या घरी असेल, बेळगावास असेल किंवा बडोद्यास असेल. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आमच्या वाचकांना ही अडचण समजावून सांगायला नको. मराठी पुस्तकांचे दुकान हाकेच्या अंतरावर असण्याचे भाग्य आपल्यापैकी कितीजणांना लाभते?

ग्राहक आधी, ग्रंथ मागून

खरे पाहता हा प्रश्न नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम हाती घेतले तेव्हा १९१६ साली नागपुरास ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी स्थापन केली, भाग विकून भांडवल उभे केले आणि ग्रंथ निघण्यापूर्वीच ग्राहक मिळविण्याची खटपट केली. कोशाचे तेवीस खंड अशा रीतीने सिद्धीस गेले. या उद्योगाची हकिकत त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात सांगितली आहे. ज्यास स्वतःचे पुस्तक स्वतः काढावयाचे आहे, त्याने ते अवश्य वाचावे. आमच्या सत्तरीतील आंबेड्याचे पं. महादेवशास्त्री जोशी यांनीही भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड स्वतंत्र मंडळ उभारूनच प्रसिद्ध केले.

विद्वत्ता आणि विक्री यांत कमीअधिक काही आहे, असे या मंडळींनी मानले नाही. वाचक गाठणे हा त्यांच्या लेखनकार्याचाच भाग होता. फरक इतकाच, की जे काम त्यांनी पायपीट करून केले त्यातील पुष्कळसे आज खिशातील दूरध्वनीवरून करता येते.

शाल-श्रीफळाचे छायाचित्र

परंतु साधन हाती आले म्हणून ते वापरता येतेच असे नाही. आमची कन्या म्हणाली, "बाबा, व्हॉट्सॲपवर टाका ना!" आम्ही टाकले. काय टाकले? तर प्रकाशन समारंभाचे छायाचित्र. व्यासपीठावर आम्ही, खांद्यावर शाल, हाती श्रीफळ. साठ-सत्तर अभिनंदने आली. मागणी आली दोन प्रतींची.

कन्येने विचारले, "बाबा, या फोटोत पुस्तक कुठे आहे?" आम्ही निरुत्तर झालो. वाचकाला आमच्या शालीशी काय कर्तव्य? त्याला पुस्तकात काय आहे ते हवे.

मग आम्ही पद्धत बदलली. दर रविवारी पुस्तकातील एकच शब्द घ्यायचा, त्यावर दहा-बारा ओळी लिहायच्या, शेतातले एखादे छायाचित्र जोडायचे आणि शेवटी किंमत व पुस्तक मिळण्याची सोय एका ओळीत सांगायची. 'मानस' या शब्दावर लिहिले त्या रविवारी मुंबईहून एका अनोळखी गृहस्थांचा निरोप आला. त्यांचे आजोबा मानशीची राखण करीत. ती फळी कोणत्या वेळी उचलीत आणि का, हे त्यांनी सविस्तर लिहून पाठविले आणि चार प्रती मागविल्या. पुढे बडोद्याच्या एका भगिनींनी माहेरची आठवण म्हणून सहा घेतल्या. भिडेचा ग्राहक आणि वाचक यांतील भेद आम्हांस त्या दिवशी कळला.

व्हॉट्सॲपची एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकाच वेळी अनेकांना निरोप धाडण्याची यादी करता येते, पण ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या दूरध्वनीत नोंदविला आहे त्यांनाच तो पोहोचतो. यात एक सूक्ष्म शिष्टाचार दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. ज्याने दार उघडले त्याच्याकडेच जावे. दहा कौटुंबिक गटांवर रोज जाहिरात आदळणाऱ्या लेखकाकडे लोक लवकरच पाठ फिरवतात.

अक्षरांची अडचण

फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली येथेच, राशोल येथे छापले गेले, पण रोमन लिपीत. कारण आपल्या अक्षरांचे खिळेच नव्हते. चार शतकांनंतर आम्हांसही अक्षरांनीच अडविले. आमचे पुस्तक मुद्रकाने जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये जुळविले होते. त्यातील मजकूर उचलून फेसबुकवर ठेवताच देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी उमटली. अशा मजकुरातला शब्द शोधयंत्रालाही सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्ये पालटून घ्यावा लागला आणि पालटताना मोडलेली जोडाक्षरे दुरुस्त करण्यात दिवाळीची सुटी गेली. तेव्हा नव्या लेखकांना आमचे सांगणे असे, की हस्तलिखित प्रारंभापासूनच युनिकोडमध्ये टंकित करावे आणि मराठी पुस्तकाची ओळख मराठी अक्षरांतच लिहावी.

टपाल आणि ई-पुस्तक

मागणी आली की पुस्तक पोहोचविण्याचा प्रश्न उभा राहतो. टपालखात्याची नोंदणीकृत बुकपोस्टाची स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा लहान प्रकाशक हवालदिल झाले. सुदैवाने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाले. आरंभीचा दर तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. शिवाय पार्सल कुठवर पोहोचले तेही कळते. मात्र पुस्तकावर मुद्रकाचे वा प्रकाशकाचे नाव छापलेले असले पाहिजे. स्वतः पुस्तक काढणारे पुष्कळजण नेमके तेच विसरतात.

परदेशी राहणाऱ्या मुलाबाळांना पुस्तक धाडायचे तर पुस्तकाहून टपाल महाग पडते. त्यांच्यासाठी ई-पुस्तक बरे. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तके मिळू लागली आणि तेथे लेखकास आपले पुस्तक स्वतः ठेवता येते. पुण्याच्या बुकगंगावर छापील आणि ई-पुस्तक दोन्ही विकली जातात. पुढील आवृत्ती आम्ही मागणीनुसार छापण्याच्या विचारात आहोत. तशी छपाई दर प्रतीमागे महाग पडते खरी, पण वाळवीला वाटा द्यावा लागत नाही.

एक सावधगिरीची सूचना. 'तुमचे पुस्तक गाजवून देतो' म्हणून भली मोठी रक्कम मागणारे पुष्कळ भेटतात. पुस्तकास लागणारा आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो; त्याचे पैसे कोणी मागू लागल्यास पुढील बोलणे तेथेच थांबवावे.

या जूनमध्ये माळा पुन्हा झाडला. वाळवीने खाल्लेल्या प्रती वगळता तेथे ऐंशीच पुस्तके उरली आहेत. घातलेले पैसे पुरते निघाले नाहीत आणि ते निघतील असे कोणास आम्ही सांगणारही नाही. पण लोकांनी पाठविलेल्या शब्दांची आणि दुरुस्त्यांची एक वही भरत आली आहे. मानशीच्या फळीविषयी आम्ही लिहिलेले एक वाक्य चुकीचे होते. मुंबईच्या त्या गृहस्थांनी ते दाखवून दिले. दुसऱ्या आवृत्तीत ते सुधारले जाईल आणि त्याखाली त्यांच्या आजोबांचे नाव असेल.