बांगड्याचे सोयरे आणि तोतये

लंडन-न्यू जर्सीकडची मराठी घरं दुकानातून 'मॅकरेल' आणतात आणि बांगड्याचं तिखलं करायला घेतात. मासा दिसायला जवळपास तोच: हिरवट-निळी पाठ, चंदेरी पोट. पण रश्शावर तेलाचा तवंग चढतो आणि चव काही केल्या मालवणला पोचत नाही. मग तिरफळं जुनी निघाली म्हणून त्यांना बोल लावले जातात. बिचाऱ्या तिरफळांचा काही दोष नसतो. मासाच दुसरा असतो.

आपला बांगडा म्हणजे 'रास्ट्रेलिगर कानागुर्टा'. पॅट्रिक रसेल या वैद्याने विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरच्या 200 माशांची चित्रं 1803 साली छापली, तेव्हा तिथलं 'कानागुर्टा' हे नाव त्याने टिपून ठेवलं. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिएने तेच शास्त्रीय नावात घेतलं. हा मासा थव्याने, तोंड वासून पोहतो. कल्ल्यांच्या आतले लांब, दाट दाते चाळणीचं काम करतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत अडकतात. तोंड उघडून पाहिलं तर हे दाते बाहेरूनही दिसतात. पाठीवर डोक्याकडून शेपटीकडे गेलेल्या बारीक गडद रेघा आणि छातीच्या पराखाली एक काळा ठिपका, ही त्याची आणखी ओळख.

उत्तर अटलांटिकचा मॅकरेल हा त्याचा चुलतभाऊ. याच्या पाठीवर वरून खाली उतरणारे नागमोडी काळे पट्टे असतात. याला वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी, नसतो, त्यामुळे पोहणं थांबवलं की हा बुडू लागतो. थंडीच्या बेगमीसाठी अंगात चरबी साठवतो. नॉर्वेकडे शरद ऋतूत धरलेल्या मॅकरेलमध्ये ती 25 ते 30 टक्क्यांपर्यंत जाते. रश्शावरचा तवंग तिथून येतो.

सुरमईसुद्धा इंग्रजीत मॅकरेलच, 'स्पॅनिश मॅकरेल'. कूळ एकच, ट्यूनाही त्यातलाच. पण बांगडा गाळून खातो आणि सुरमई धारदार दातांनी दुसरे मासे फाडते. या फरकाचा संबंध थेट आरोग्याशी आहे. मोठ्या शिकारी माशाच्या अंगात पारा साठत जातो. म्हणूनच अमेरिकी अन्न व औषध प्रशासन गरोदर बायकांना 'किंग मॅकरेल' टाळायला सांगतं. हा सुरमईच्या जातकुळीतला. अटलांटिक मॅकरेल मात्र त्यांच्याच यादीत उत्तम माशांत आहे. फोनवर फिरणाऱ्या संदेशांत यातलं फक्त 'मॅकरेल खाऊ नका' एवढंच उरतं आणि घरातला बांगडा विनाकारण बंद होतो.

उरले तोतये. डब्यातला 'जॅक मॅकरेल' किंवा 'हॉर्स मॅकरेल' वेगळ्याच कुळातला; त्याच्या बाजूला कडक, टोकदार खवल्यांची ओळ असते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर एके काळी अजस्र ब्लूफिन ट्यूनालाच 'हॉर्स मॅकरेल' म्हणत. अलास्काकडचा 'अटका मॅकरेल' तर नात्यातलाही नाही. आणि 'मॅकरेल शार्क' मंडळींत चक्क मोठा पांढरा शार्क येतो!

खऱ्या मॅकरेल-बांगड्यांची एक खोड मात्र सारखी: नासायची घाई. इंग्लंडात रविवारी व्यापार बंद असे, पण 1698 च्या कायद्याने मॅकरेल विकायला मुभा दिली, कारण तो सोमवारपर्यंत टिकत नसे. या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फाविना राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. मग खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर पुरळ उठतं, आणि माणूस समजतो की आपल्याला माशाची ॲलर्जी आहे. तयार झालेलं हिस्टामाइन उकळून किंवा तळून जात नाही. कोळणीच्या टोपलीत बर्फ किती आहे हे आधी बघावं, भाव नंतर करावा.

नॉर्वेच्या मॅकरेलचं तिखलं करायचंच असेल, तर फोडणीचं तेल जवळजवळ वगळावं, वाटणातलं खोबरं निम्म्यावर आणावं आणि कोकम सढळ हाताने घालावं. नाहीतर सरळ मीठ-हळद-तिखट लावून तो कोरड्या तव्यावर टाकावा. स्वतःच्या चरबीत छान भाजला जातो.