‘भीमायन’चे चित्रकार

आपल्या जयंती उत्सवात चित्रकला स्पर्धा होते. एका वर्षी परीक्षकांत मीही होतो. नववीतल्या एका मुलीने महाडचे चवदार तळे काढले होते. मासे माणसांएवढे मोठे आणि बाबासाहेबांचा कोट पाण्याच्या लाटांचा! ‘चेहरा जमला नाही’ असे म्हणून आम्ही ते बाजूला ठेवले आणि कॅलेंडरवरून हुबेहूब उतरविलेल्या चित्राला पहिला क्रमांक दिला. आमची चूक मला कळली ती पुढे ‘भीमायन’ हे पुस्तक हाती आल्यावर. त्याच्या चित्रकारांविषयी सभासदांना व विशेषतः विद्यार्थ्यांना थोडे सांगावे, म्हणून हा लेख.

‘भीमायन’ हे बाबासाहेबांचे चित्ररूप चरित्र दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने २०११ साली इंग्रजीत काढले. मजकूर श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचा आणि चित्रे दुर्गाबाई व्याम व त्यांचे पती सुभाष व्याम यांची. मसूर स्टेशनवर ताटकळलेली भावंडे, बडोद्यात न मिळालेला निवारा, १९२७ चा महाड सत्याग्रह, हे त्यातील प्रसंग आपल्याला पाठ आहेत. नवी आहे ती ते पाहण्याची रीत.

व्याम दांपत्य मध्य प्रदेशातील परधान गोंड समाजाचे. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक; बाना हे तंतुवाद्य वाजवून वंशावळी व देवांच्या कथा गाणारे. आपल्या विदर्भातही परधान समाज आहे. पाटनगढचा जनगढसिंह श्याम हा तरुण १९८० नंतरच्या वर्षांत भोपाळच्या भारत भवनने ‘शोधून काढला’ (तो आपल्या गावातच होता, ही गोष्ट वेगळी). भिंतीवरची चित्रे त्याने कागदावर व कॅनव्हासवर आणली. त्याच्या मागोमाग नातलगही चित्रकार झाले. सुभाष हे त्याचे मेहुणे. दुर्गाबाई शाळेत गेल्या नाहीत, पण सारवलेल्या भिंतीवर व जमिनीवर सणासमारंभाला काढायचे ‘दिगना’ हे नक्षीकाम घरीच शिकल्या. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

चित्रकथा म्हटली की पानावर चौकोनी घरे आलीच. व्याम दांपत्याने ती घेतली नाहीत. दिगनाच्या वळणदार पट्ट्यांनी पान विभागले, त्यामुळे माणसे कोंडल्यासारखी वाटत नाहीत. आगगाडी सापासारखी सरपटते, हातपंपाचा दांडा हत्तीची सोंड होतो. महाडच्या सभेत तर ध्वनिक्षेपकांतून शब्दांऐवजी पाण्याचे फवारे श्रोत्यांवर पडतात. तहानेचा एवढा इतिहास माहीत असणाऱ्या आपल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मला मात्र सर्वांत आवडले ते बोलण्याचे फुगे. मृदू बोलणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात. जातीचा विटाळ मानून टाकून बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. मनातल्या विचाराला डोळा काढला आहे. इंग्रजी न येणाऱ्या माझ्या आईने पान पाहूनच सांगितले, ‘हा बामन वंगाळ बोलतोय.’

याच दुर्गाबाईंनी भज्जू श्याम व रामसिंग उर्वेती यांच्यासह चेन्नईच्या तारा बुक्ससाठी काळ्या कागदावर रात्रीची झाडे रंगविली. त्या पुस्तकाला २००८ साली इटलीतील बोलोन्या येथे बालपुस्तकांचा पुरस्कार मिळाला. भज्जू श्याम लंडनला एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला गेले आणि तेथील मोठ्या घड्याळाचा त्यांनी कोंबडा केला, कारण दोघेही वेळ सांगतात.

अशी माणसे शोधायची कशी, असे विद्यार्थी विचारतात. पुस्तक उघडल्यावर ‘चित्रे’ या बारीक अक्षरांतल्या ओळीवरचे नाव वहीत लिहून घ्यावे आणि त्या नावाचे दुसरे काम मागावे. मुंबईस गेल्यास जहांगीर कलादालनात जावे, तिकीट नाही. आपल्याच प्रश्नांवर काम करणारे नागपूरचे सवी सावरकर, मुंबईचे विक्रांत भिसे यांची नावे त्या वहीत आधी घालावीत.

त्या मुलीला मी पुस्तक दाखविले व आमची चूकही सांगितली. ती विंचवाच्या नांगीवर बराच वेळ थांबली. मग म्हणाली, “काका, माझे चित्र कुठे आहे?” कार्यालयात शोधले, मंडपाच्या सामानात सापडले, एका बाजूने भिजलेले. ते आता चौकट करून वाचनालयात लावले आहे. ‘भीमायन’ची प्रत खालच्या कपाटात आहे, नेताना नोंदवहीत सही करावी.