माळ्यावरची परात

ब्रसेल्सच्या मिदी स्टेशनजवळ, आंदरलेख्तमधल्या एका साध्या गल्लीत काँतियों ब्रुअरी आहे. आत पिंपांच्या रांगांवर कोळिष्टकं लोंबतात आणि ती काढायची नाहीत असा घरचा दंडक आहे. तिथे येणारी चिलटं कोळी खातात, म्हणून त्यांना अभय.

पॉल काँतियों आणि त्यांची पत्नी मारी त्रोक यांनी 1900 साली धंदा मांडला तेव्हा ते स्वतः बिअर करत नव्हते. दुसऱ्यांनी केलेली लाँबिक नावाची बिअर आणायची, मुरवायची, एकमेकांत मिसळायची आणि विकायची. स्वतःची भट्टी लागली ती मुलांच्या, रोबेर आणि मार्सेलच्या काळात, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर.

लाँबिकमध्ये सुमारे 65 टक्के बार्लीचं माल्ट आणि 35 टक्के कच्चा गहू. हॉप्सची फुलं मात्र दोन-तीन वर्षं जुनी लागतात. कडवटपणा नको असतो, नासू न देण्याचा गुण तेवढा हवा असतो. या सगळ्याचा कित्येक तास उकळलेला काढा माळ्यावरच्या तांब्याच्या भल्यामोठ्या उथळ परातीत ओततात आणि रात्रभर उघडा ठेवतात. यीस्ट कुणीच घालत नाही. दह्याला आपण विरजण लावतो. इथे ते वाऱ्यावरून, माळ्याच्या लाकडांतून आपण होऊन येतं. सकाळी काढा लाकडी पिंपांत जातो आणि पुढची एक ते तीन वर्षं तिथेच मुरतो. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लाँबिक मिसळल्या की गझ तयार होते. कोवळ्या लाँबिकमध्ये उरलेली साखर बूच मारलेल्या बाटलीत पुन्हा आंबते, म्हणून ती फसफसते. चव आंबट, कोरडी. पहिल्या घोटाला बहुतेकांचं तोंड वाकडं होतं.

लोकांची जीभ गोडाकडे वळली तशी या आंबटाला गिऱ्हाईक उरेना. एकेकाळी शहरात शंभरावर ब्रुअऱ्या होत्या, त्या एकेक करून मिटल्या. मार्सेलचे जावई जाँ-पिएर व्हान रॉय यांनी 1978 मध्ये चालती ब्रुअरीच संग्रहालय म्हणून लोकांना खुली केली. हा शहाणपणाचा डाव होता: आधी बघा, मग प्या. आता त्यांचा मुलगा जाँ कारभार पाहतो.

काढा उकळतात तो फक्त थंडीत, कारण उन्हाळ्याच्या हवेत नको ते जंतू वाढतात. 2015 च्या नोव्हेंबरात रात्री इतक्या उबदार निघाल्या की काम थांबवावं लागलं. गार करणारं यंत्र आणता येईल, पण त्यात वारा कुठून शिरायचा?