जुनी बॉडी, नवा आवाज: मॉडेल इंजिनाची बॉडी साउंडवाल्या चॅसिसवर कशी बसवायची

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. यावेळी ऐकणाऱ्यांनीही वाचा, कारण वायरींचे रंग आणि आकडे कानाने लक्षात राहत नाहीत. बोलताना झालेलं अघळपघळ थोडं कापलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आधी एक खुलासा. मी सिंदी मेघेचा. सिंदी रेल्वे वेगळी, ती सेलू तालुक्यात, वर्धा-नागपूर लाइनवर, तिथं स्टेशन आहे. आमच्या सिंदी मेघेला स्टेशन नाही, पण वर्धा जंक्शन आणि सेवाग्राम दोन्ही इतके जवळ की रेल्वेचं वेड लागायला वेगळं कारण लागत नाही.

आता विषय. बऱ्याच घरांत एखादं जुनं मॉडेल इंजिन असतं. काकांनी किंवा मामांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी परदेशातून आणलेलं, हॉर्नबीचं, लिमाचं, किंवा कुणीतरी हाताने प्लॅस्टिक कापून बनवलेलं आपलं डब्ल्यूडीएम-२. वरची बॉडी म्हणजे शेल अजून देखणं असतं, पण खालची मोटर घरघर करते, नाहीतर बंदच पडलेली असते. दुसरीकडे आजची नवी चॅसिस: गुळगुळीत चालते, आत डीकोडर, स्पीकर, आणि खऱ्या इंजिनाचा आवाज. मग जुनी बॉडी नव्या चॅसिसवर का नाही बसवायची? आमच्या भाषेत सांगायचं तर लेगसी फ्रंटएंड तोच ठेवायचा आणि खालचा बॅकएंड बदलायचा.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात: जुन्याच चॅसिसमध्ये डीकोडर टाकला तर? टाकता येतो. पण जुन्या मॉडेलमध्ये बऱ्याचदा मोटरचा एक ब्रश थेट धातूच्या फ्रेमला जोडलेला असतो आणि फ्रेम रुळाला. साध्या डीसीवर ते चालून जातं. डीकोडरवर चालत नाही. मोटरला करंट फक्त डीकोडरकडूनच मिळाला पाहिजे. ब्रश रुळाला लागून राहिला तर पॉवर दिल्याबरोबर डीकोडर जळतो. दुसरं, जुन्या मोटरी करंट जास्त खातात. एचओ डीकोडर साधारण एक अँपियरचा असतो, आणि चाक अडकलं की जुनी मोटर तेवढा सहज ओढते. मल्टिमीटर सिरीजमध्ये लावा, १२ व्होल्ट द्या, चाकं बोटाने क्षणभर धरून ठेवा. आकडा एकच्या आसपास गेला तर त्या मोटरचा नाद सोडा.

तिसरं कारण जरा दुःखाचं आहे. जुन्या झिंक मिश्रधातूच्या फ्रेममध्ये शिशाची अशुद्धी असेल तर वर्षानुवर्षं ती आतून फुगते, तडकते आणि बिस्किटासारखी चुरते. याला झिंक पेस्ट म्हणतात. यावर इलाज नाही. फ्रेमवर बारीक तडे दिसले, किंवा फ्रेम लांबून बॉडी फाकवायला लागली, तर बॉडी लगेच काढून वेगळी ठेवा. बॉडी वाचते, फ्रेम वाचत नाही.

आता मापं. व्हर्नियर कॅलिपर हातात घ्या, अंदाज नको.

सगळ्यात आधी स्केल. एचओ म्हणजे १:८७, ब्रिटिश ओओ म्हणजे १:७६. दोन्ही १६.५ मिमीच्या एकाच रुळावर धावतात आणि तिथेच लोक फसतात. डब्ल्यूडीएम-२ ची लांबी सुमारे १७ मीटर. १:८७ ला ती साडेएकोणीस सेंटीमीटर भरते, १:७६ ला सव्वाबावीसच्या वर. पावणेतीन सेंटीमीटरचा फरक फाइलने घासून जात नाही. त्यामुळे चॅसिस ऑर्डर करायच्या आधी बॉडी कुठल्या स्केलची आहे ते मोजून ठरवा, डब्यावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका.

इथे एक गंमत सांगतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. त्याला ८७ ने भागलं तर १९.३ मिमी येतं. म्हणजे १६.५ च्या रुळावर धावणारं प्रत्येक भारतीय ब्रॉडगेज मॉडेल मुळातच अरुंद पायांवर उभं असतं. जवळपास सगळे जण हे गोड मानून घेतात, मीही. पण ७६२ मिमीच्या नॅरोगेजला ८७ ने भागा: ८.७६. एन स्केलचा तयार रूळ ९ मिमीचा मिळतो! म्हणजे आपल्या जिल्ह्यातली पुलगाव-आर्वी किंवा यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला बनवायला घेतली, तर ती मेनलाइनपेक्षा मापाला जास्त खरी उतरेल. कुणीतरी करा बाप्पा हे.

दुसरं माप बोगी सेंटरचं. (बोगी म्हणजे डबा नाही. इंजिनाखालची चाकांची गाडी, ती खरी बोगी.) दोन बोग्यांच्या मधल्या खिळ्यांमधलं अंतर बॉडीच्या खालच्या कटआउटशी जुळलं पाहिजे, नाहीतर वळणावर चाक पायरीला घासतं. तिसरं, चाकांमधलं अंतर. डब्ल्यूडीएम-२ अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या डिझाइनचं. पहिली इंजिनं १९६२ मध्ये तिकडून आली, आणि वाराणसीच्या कारखान्यातून, ज्याला आता बीएलडब्ल्यू म्हणतात, जानेवारी १९६४ पासून ती इथेच बनू लागली. त्याच्या तीन अ‍ॅक्सलच्या बोगीत चाकं समान अंतरावर नसतात. दोन जवळ, एक लांब. याला ट्रायमाउंट म्हणतात. अमेरिकन आल्कोच्या सहा अ‍ॅक्सलच्या मॉडेल्सना, म्हणजे आरएसडी-१२ किंवा आरएसडी-१५, हीच ठेवण मिळते. म्हणून आल्को बॉडीखाली आल्कोच चॅसिस शोधा. दुसऱ्या इंजिनाची समान अंतराची बोगी घातली तर गाडी धावेल, पण ज्याने खरं इंजिन पाहिलंय त्याला पाच सेकंदांत खटकेल.

चौथं माप सगळे विसरतात: बॉडीची आतली रुंदी, सगळ्यात अरुंद जागी. डब्ल्यूडीएम-२ चं हूड सडपातळ. जुनी हाताने केलेली बॉडी असेल तर तिच्या भिंतीच दीड-दोन मिमी जाड असतात. नव्या चॅसिसवरचा सर्किट बोर्ड आत शिरला पाहिजे.

मापं थोडी चुकली तर कापायचं काय? माझं मत ठाम आहे. चॅसिस कापा, बॉडी नाही. चॅसिस पुन्हा विकत मिळेल, काकांची बॉडी मिळणार नाही. धातूची फ्रेम कापायच्या आधी मोटर बाहेर काढा. झिंकचा चुरा चुंबकाला चिकटत नाही, पण स्क्रूचा आणि कटिंग टूलचा पोलादी कीस चिकटतो, आणि कुठलाही चुरा बेअरिंगमध्ये गेला की संपलं. फ्रेम लांबवायची असेल तर मधून तोडू नका, मोटरपासून गिअरकडे जाणारा शाफ्ट तिथूनच जातो. टोकांना प्लॅस्टिक शीटचे तुकडे जोडून लांबी वाढवा.

बॉडी बसवायची पद्धत सोपी आहे. आतल्या कोपऱ्यांत प्लॅस्टिकचे चार ठोकळे अ‍ॅराल्डाइटने चिकटवा आणि स्क्रू खालून त्या ठोकळ्यांत जाऊ द्या. जुन्या बॉडीत थेट स्क्रू कधीच नाही. तीस वर्षांचं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, चिरत जातं. आणि फेविक्विक आत वापरू नका. त्याची वाफ काचांवर पांढरा धुरकट थर सोडते आणि तो बंद बॉडीत जास्तच बसतो. चिकटवायच्या आधी ब्लू टॅकच्या गोळ्यांवर बॉडी नुसती ठेवून उंची बघा. कपलर शेजारच्या डब्याच्या कपलरला समोरासमोर आला, की ती उंची खरी. बॉडी एक मिमी वर राहिली तरी इंजिन टाचा उंचावून उभं असल्यासारखं दिसतं.

आता माझा आवडता भाग. नव्या चॅसिसला आवाज येतो कुठून?

डीसीसी म्हणजे रुळातून वीज आणि डेटा एकाच जोडीने पाठवायची पद्धत. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामावर ती उभी आहे, आणि अमेरिकेच्या एनएमआरए या संघटनेने १९९० च्या दशकात तिचं स्टँडर्ड केलं. रुळात सतत १४-१५ व्होल्ट असतात, फक्त त्यांची दिशा उलटसुलट होत राहते. उलटण्याचा प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो बिट १, शंभर किंवा जास्त असेल तर ०. एवढंच! पॅकेटमध्ये आधी इंजिनाचा पत्ता, मग आज्ञा, शेवटी तपासणीचा बाइट. पत्ता ३ म्हणजे ००००००११. 'पुढे जा, या वेगाने' ही आज्ञा समजा ०१११०१००. दोघांचा एक्सओआर ०१११०१११, तोच शेवटचा बाइट. डीकोडर स्वतः तोच हिशोब करतो. जुळला नाही तर पॅकेट फेकून देतो, पुढच्याची वाट बघतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात ज्यांनी पॅरिटी रट्टा मारून पास केली, त्यांच्यासाठी हे बघा, ती इथे रुळावर धावतेय.

साउंड डीकोडरमध्ये खऱ्या इंजिनाची रेकॉर्डिंग तुकड्या-तुकड्यांनी साठवलेली असतात: आयडल, एकेक नॉच चढताना, उतरताना, हॉर्न, ब्रेक. थ्रॉटल फिरवलं की तो तुकडे जोडत जातो. म्हणून बॉडी आल्कोची आणि आवाज दुसऱ्याच इंजिनाचा असेल तर कानाला लगेच कळतं. का, ते बघू. आल्कोचं १६ सिलिंडरचं इंजिन फोर-स्ट्रोक. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. आयडलला सुमारे ४०० आरपीएम धरा, तर मिनिटाला ३,२०० स्फोट, सेकंदाला ५३. म्हणून तो गडगडाट जवळजवळ मोजता येतो असं वाटतं. मालगाड्यांचं डब्ल्यूडीजी-४ मात्र ईएमडीचं टू-स्ट्रोक, १६ च सिलिंडर, पण प्रत्येक फेरीला पेटणार. ९०० आरपीएमला सेकंदाला २४० स्फोट. आल्को पूर्ण जोरात १००० आरपीएमला गेलं तरी १३३. एक गुरगुरतं, दुसरं घोंघावतं. विकत घेताना डीकोडरवर आल्को २५१ ची साउंड फाइल आहे का, हे विचारा. ईएसयूच्या लोकसाउंडसारख्या काही डीकोडरमध्ये फाइल बदलताही येते, पण त्याला त्यांचा वेगळा प्रोग्रॅमर लागतो.

आता तुम्ही म्हणाल, नखाएवढा स्पीकर ५३ हर्ट्झ कसा काढणार? नाहीच काढत. तो फक्त वरचे हार्मोनिक काढतो. त्या पटींवरून मूळ खर्ज आपला मेंदूच भरून घेतो. मोबाइलवर ढोल-ताशा ऐकताना हेच होतं. पण एक अट आहे: स्पीकरच्या मागे हवाबंद डबी पाहिजे. पडद्याच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी उलट्या असतात, एकमेकींना भेटल्या की आवाज मरतो. बारीकशी फट राहिली तरी स्पीकर पत्र्यासारखा वाजतो. जागा कमी असेल तर मोबाइलमधला छोटा चौकोनी स्पीकर चालतो, तो मोबाइल दुरुस्तीवाल्याकडेही मिळतो. फक्त ओहम डीकोडरच्या मॅन्युअलशी जुळवा. सांगितलंय त्यापेक्षा कमी ओहमचा लावला तर अ‍ॅम्प्लिफायर जातो. तोंड रेडिएटरच्या जाळीकडे किंवा खाली डिझेल टाकीकडे ठेवा.

वायरी: लाल उजवा रूळ, काळी डावा रूळ, नारिंगी आणि करडी मोटरला, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा, निळी दिव्यांची सामाईक पॉझिटिव्ह. स्पीकरच्या वायरचा रंग कंपनीप्रमाणे बदलतो, मॅन्युअल बघा. जुन्या बॉडीतला बल्ब काढून टाका, तो तापतो आणि आतून प्लॅस्टिक वितळवतो. एलईडी लावा, सोबत एक किलोओहमचा रेझिस्टर. रेझिस्टर विसरलात तर एलईडी एकदाच चमकेल, छान चमकेल.

बॉडी चढवायच्या आधी उघडी चॅसिस प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर ठेवा. तिथे करंट कमी असतो, त्यामुळे वायरिंगमध्ये काही शॉर्ट असेल तर डीकोडर वाचण्याची शक्यता जास्त. सीव्ही ८ वाचा. कंपनीचा नंबर परत आला म्हणजे वायरिंग बोलतंय. नवीन डीकोडरचा पत्ता ३ असतो, तो सीव्ही १ मध्ये बदला. सीव्ही ३ म्हणजे वेग पकडायला लागणारा वेळ. स्टँडर्डच्या सूत्राने किंमत गुणिले ०.८९६ सेकंद, म्हणजे २० ठेवलं तर पूर्ण वेगाला सुमारे १८ सेकंद. काही कंपन्यांचं सूत्र वेगळं आहे. आल्कोसाठी हा आकडा सढळ ठेवा. आधी आवाज चढतो, मग गाडी हलते, खरं इंजिन असंच निघतं. आवाज मध्येच तुटून पुन्हा स्टार्ट होत असेल तर डीकोडरला शिव्या देऊ नका, आधी रूळ आणि चाकं आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. तरी तुटला तर कीप-अलाइव्ह कपॅसिटर लावा.

हे सगळं चालताना कसं दिसतं ते बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ ला सुरू झालेलं. भाऊ जोशींनी आयुष्यभर जमवलेल्या छंदातून उभं राहिलेलं, १:८७ स्केलचं अख्खं शहर. पुण्यात नोकरीला असणाऱ्यांनी एक रविवार काढाच.

आणि ज्यांना स्वतःची साउंड फाइल बनवायची आहे त्यांनी उशीर करू नका. वायरखाली इलेक्ट्रिक इंजिनं धावायला लागली तशी आल्को यार्डात आणि शंटिंगपुरती उरत चालली आहेत. रेकॉर्डर नसला तरी फोन चालेल, फक्त ऑटो गेन बंद करणारं अ‍ॅप वापरा, नाहीतर आयडल आणि आठवा नॉच एकाच उंचीचे ऐकू येतात. माइकवर फोमची टोपी घाला. रेकॉर्डिंग प्लॅटफॉर्मवरून किंवा फाटकाबाहेरून करा. रुळांच्या हद्दीत घुसणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि तिथे तुम्ही हेडफोन लावून उभे असणार, मागून येणारी गाडी ऐकूच येणार नाही. कमीत कमी दोन मिनिटं सलग आयडल घ्या. लूप जोडायला त्यातले चार सेकंदच लागतात, पण ते चार सेकंद स्वच्छ सापडायला दोन मिनिटं लागतात.

पुढच्या भागात हीच फाइल कापून लूप कसा जोडायचा ते लॅपटॉपवर करून दाखवतो. कुणाकडे आल्कोचं जुनं रेकॉर्डिंग असेल, अगदी कॅसेटवरचं, तर मेसेज टाका.