स्तनाच्या कर्करोगानंतर पुन्हा पेढीवर

व्यापारी घरातील स्त्रीला ‘आपण काय करता?’ असे विचारले, तर ‘घरीच असते’ असे उत्तर बहुधा मिळते. वास्तविक बार्शी-सोलापूर रस्त्यावरील वैरागसारख्या बाजारपेठेच्या गावात अनेक घरांतील उधारीची वही, रोकड, गिऱ्हाइकांची ओळख आणि वसुलीची आठवण याच स्त्रिया सांभाळतात. या कामाला हजेरीपट नाही, म्हणून रजाही नाही. स्तनाचा कर्करोग झाल्यावर ही उणीव प्रकर्षाने जाणवते. उपचार काही महिने चालतात आणि दुकान तर रोज उघडावे लागते.

हंगाम थांबतो, गाठ थांबत नाही

पहिले नुकसान होते ते विलंबामुळे. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही आणि जे दुखत नाही ते निरुपद्रवी, अशी समजूत असते. उडीद-सोयाबीनची आवक आटोपू दे, दिवाळीचे वहीपूजन होऊ दे, मुलीची सोयरीक ठरू दे, असे म्हणता म्हणता वर्ष सरते. लवकर सापडलेल्या गाठीत पुष्कळदा स्तन राखून शस्त्रक्रिया करता येते. उशीर झाला की उपचार लांबतात, खर्च वाढतो आणि कामावर परतण्याचा दिवसही दूर जातो.

या बाबतीत वैरागकरांना दूर पाहण्याची गरज नाही. तालुक्याच्या गावी, बार्शीला, नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी याच बार्शीत सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलू लागले आणि रोगाची लक्षणे समजावू लागले. त्यानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर रुग्णालयात येऊ लागल्या, असे तेथील अभ्यासात दिसून आले. केवळ संवादाने एवढे साधले.

स्तनाच्या कर्करोगाविषयी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली, तेव्हा पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

उपचारांचा दिनक्रम, दुकानाचा दिनक्रम

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री न्यायाधीश सँड्रा डे ओ’कॉनर यांच्यावर १९८८ साली स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. दोन आठवड्यांच्या आत त्या न्यायासनावर परतल्या आणि २००६ पर्यंत काम करीत राहिल्या. पुढे सहकारी न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग यांना कर्करोग झाला, तेव्हा केमोथेरपी शुक्रवारी घ्यावी, म्हणजे शनिवार-रविवारी विश्रांती मिळून सोमवारी कामावर येता येते, असा सल्ला त्यांनी दिला. आपल्याकडील नृत्यांगना आणि रेल्वे अधिकारी आनंदा शंकर जयंत यांनीही २००८ साली या आजाराचे निदान झाल्यावर उपचारांच्या काळात नृत्य सोडले नाही.

प्रत्येकीचे शरीर असे साथ देईलच असे नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये. मात्र शुक्रवारचे सूत्र घेण्यासारखे आहे. केमोथेरपी पुष्कळदा तीन आठवड्यांच्या अंतराने देतात. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या दिवसांत आठवडी बाजाराची गर्दी टाळावी आणि हिशेबाचे काम घरी आणून द्यावे. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, तीन आठवडे किंवा अधिक चालतात. रोजच्या येण्याजाण्याचा शीण लक्षात घेऊन त्या काळात गल्ल्याची जबाबदारी दुसऱ्याकडे द्यावी.

काखेतील ग्रंथी काढल्या असल्यास त्या हाताला सूज येण्याचा संभव असतो. पोती-डबे उचलण्याची घाई करू नये. शिकविलेले व्यायाम नियमित करून भार हळूहळू वाढवावा. काहींना काही काळ विसर पडतो, आकडे चुकतात. अशा वेळी तोंडी उधारी बंद ठेवावी आणि रोकड दोघांनी मोजावी. उपवास, एकासन आणि सूर्यास्तानंतरची औषधे यांविषयी डॉक्टर व गुरुजन या दोघांचाही विचार घ्यावा. शरीर सावरेपर्यंत सवलत घेतल्याने श्रद्धा उणी होत नाही.

किल्ल्या कोणाकडे?

घरातील माणसे दोन प्रकारे चुकतात. काही जण टाके निघताच पूर्वीइतक्याच कामाची अपेक्षा करतात. गोळ्या पुढे पाच-दहा वर्षे घ्याव्या लागतात आणि थकवा महिनोन्‌महिने रेंगाळतो, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. काही जण प्रेमापोटी तिच्या हातून किल्ल्या कायमच्या काढून घेतात. ज्या वहीत तिने आयुष्य घातले, तीच वही बंद झाली, तर ती मनाने अधिक खचते. म्हणून किती काम करायचे, हे तिलाच विचारावे. आधी दोन तास, मग अर्धा दिवस, असे वाढवीत जावे.

व्यवहाराची बाजूही वेळीच पाहावी. दुकान तिच्या नावावर असेल, तर बँकेत सहीचा अधिकार आणखी एका व्यक्तीला द्यावा, नामनिर्देशन तपासावे आणि कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाची तारीख चुकू देऊ नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची पात्रता रुग्णालयातच विचारावी. जुन्या करप्रणालीत कर्करोगाच्या खर्चावर आयकरात ४० हजार रुपयांपर्यंत, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी एक लाखापर्यंत वजावट मिळते.

अडतीवर काम करणाऱ्या भगिनी

कर्मचारी राज्य विमा योजनेत पात्र कामगाराला कर्करोगासाठी दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के लाभ मिळू शकतो. परंतु अडतीवर धान्य चाळणारी, निवडणारी स्त्री बहुधा या छत्राबाहेर असते. तिच्यासाठी रजेचा नियम म्हणजे मालकाचा शब्द. तपासणीच्या दिवसाची मजुरी न कापणे, उपचारांनंतर तिची जागा राखून ठेवणे आणि बसून करण्याजोगे काम देणे एवढे प्रत्येक पेढीला शक्य आहे. नव्या वर्षाच्या वहीत जमाखर्चाबरोबर घरातील आणि दुकानातील प्रत्येक स्त्रीच्या तपासणीची तारीखही लिहिली जावी.