शेकडा दोन म्हणजे किती?

आचरे परिसरातील बागाईतदाराच्या हाती पैसा वर्षभर सारखा येत नाही. आंबा व काजू यांचे उत्पन्न मुख्यतः मार्च ते मे या महिन्यांत येते. नारळ मात्र थोडाथोडा पैसा देत राहतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते, आणि त्यानंतर लवकरच चतुर्थीचा खर्च उभा राहतो. अशा वेळी अनेक घरांवर उचल घेण्याची पाळी येते.

उचल देणारा ‘शेकडा दोन’ म्हणतो. हा आकडा लहान वाटतो, कारण त्यात काळाचा उल्लेख नसतो. खेड्यातील व्यवहारात त्याचा अर्थ दरमहा शंभरास दोन रुपये असा आहे. बँकेचा दर मात्र दर साल दर शेकडा सांगितला जातो. म्हणून तुलना करण्यापूर्वी मासिक दरास बारांनी गुणावे. शेकडा दोन हा वार्षिक २४ टक्के दर होय. १०,००० रुपये मुद्दलावर वर्षाचे सरळव्याज २,४०० रुपये होते. थकलेले व्याज दरमहा मुद्दलात मिळवीत गेल्यास चक्रवाढीने तेच सुमारे २,६८२ रुपये होते. उलटपक्षी, किसान क्रेडिट कार्डावरील ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास केंद्राच्या सवलतीनंतर ४ टक्के, म्हणजे याच रकमेवर ४०० रुपये पडतात.

चक्रवाढीने रक्कम दुप्पट होण्यास किती वर्षे लागतील, हे ७२ ला वार्षिक दराने भागले असता अंदाजे कळते. २४ टक्क्यांस तीन वर्षे. रामेश्वराचा कौल घेऊन आचरेकर काही वर्षांच्या अंतराने गावपळणीस निघतात. गुरेढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर राहतात आणि गाव निर्मनुष्य होते. व्याजास मात्र गावपळण नाही.

हप्त्याच्या कर्जात निराळीच खोच असते. आरंभीच्या संपूर्ण मुद्दलावर अखेरपर्यंत १० टक्के आकारून बारा मासिक हप्त्यांत वसुली केली, तर घटत्या बाकीवर तो दर सुमारे १८ टक्के पडतो. सही करण्यापूर्वी दर कोणत्या बाकीवर आहे, हे विचारलेच पाहिजे.

हेच गणित ठेवीत शेतकऱ्याच्या बाजूने चालते, पण सावकाश. ६ टक्क्यांनी ठेव बारा वर्षांत दुप्पट होईल. त्या काळात महागाईही तितकीच वाढली, तर दुप्पट पैशात पूर्वीइतकाच माल येईल.

ठेव आणि भाग यांतही गल्लत होऊ नये. ठेव म्हणजे संस्थेस दिलेले कर्ज. भाग म्हणजे मालकीतील हिस्सा. त्यावरील लाभांश नफा झाला तरच मिळतो. बँकेतील ठेवींना ४ फेब्रुवारी २०२० पासून व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. १९६२ मध्ये ही मर्यादा १,५०० रुपये होती. विमाधारक सहकारी बँका यात येतात, पतसंस्था येत नाहीत. एकाच बँकेच्या आचरे व मालवण अशा दोन शाखांत स्वतःच्या नावे ठेवलेल्या रकमा या मर्यादेसाठी एकत्रच मोजल्या जातात.